पाहुण्याशिवाय न जेवणारा माणूस

वसंतशेठना मी पहिली सुई टोचली तेव्हा त्यांच्या हातात हापूस आंबा होता. पेशंट ऐकणारा नाही, एवढं डॉक्टरांनी मला आधी सांगून ठेवलं होतं. पण तो आंबा चोखत चोखत पोट पुढे करील, हे त्यांनाही माहीत नसावं. मी म्हटलं, शेठ, आंबा खाली ठेवा. तर म्हणाले, "सिस्टर, आंबाच खाली ठेवला तं सुई कशाले घेऊ मी?" आणि डोळे गच्च मिटून घेतले. सव्वाशे किलोचा माणूस, पण सुईला लहान मुलासारखा घाबरायचा.

मी मेहकरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. सकाळची पाळी संपली की स्कूटीवरून सुलतानपूरच्या रस्त्याला त्यांच्या फार्महाऊसवर जायचं, साखर तपासायची, दुपारच्या जेवणाआधीची इन्सुलिनची सुई द्यायची, पायाच्या अंगठ्याची पट्टी बदलायची आणि ते नीट जेवले हे बघून परत यायचं. हे काम मी दीड वर्ष केलं. रात्रीची सुई नव्हती, कारण रात्री बाटली असायची आणि त्या बाटलीपुढे डॉक्टरांनीही हात टेकले होते.

सुई टोचताना शेठना महाराज लागायचे. महाराज म्हणजे त्यांचे स्वयंपाकी. ते दाराशी उभे राहून त्या दिवशीचा बेत म्हणून दाखवायचे. भरली वांगी, कढी, मुगाचा हलवा, पापड, असं सावकाश, एकेक नाव घेत. शेठ डोळे मिटून ऐकायचे आणि हलव्यापर्यंत येईस्तोवर माझी सुई बाहेर आलेली असायची. मग विचारायचे, "किती टोचलं?" मी आकडा सांगितला की म्हणायचे, "हलव्याले पुरन का तेवढं?" औषध आजारासाठी असतं हे त्यांना कधीच पटलं नाही. त्यांच्या हिशेबी ते हलव्यासाठी होतं.

फार्महाऊसला लागूनच तुरीच्या डाळीची त्यांची मोठी मिल होती. पैसा किती होता ते मला माहीत नाही, पण तो कुठे जातो ते रोज दिसायचं. कन्नौजहून अत्तर यायचं. अंगाला तेल चोळायला एक माणूस पगारी होता आणि ती आंघोळ तासभर चालायची. कचोरी खावीशी वाटली तर गाडी शेगावला जायची, संत्र्याची बर्फी हवी तर नागपूरला. खामगावला घडवून घेतलेली चांदीची सोळा ताटं होती आणि त्या ताटांसाठी एकाच सागवानाच्या फळ्यांचं सोळा खुर्च्यांचं टेबल केलं होतं. मटणाची चूल बंगल्यामागे वेगळी. पायात घालायला बारा-तेरा जोड बूट होते आणि अंगठ्याच्या जखमेमुळे त्यातला एकही पायात जात नव्हता. तरी ते रोज एकेक जोड पुसून समोर मांडायला लावायचे. म्हणायचे, "घालता येत नाही म्हणून पाहू बी नाही का?"

साखरेचा आजार ही गुप्त गोष्ट होती. डॉक्टर सोडले तर ती शेठना, त्यांच्या बायकोला म्हणजे सुशीलाबाईंना, महाराजांना आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक. बाकीच्यांसाठी मी 'ऑफिसच्या मॅडम' होते. कशाला लपवता, म्हणून मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "लोक माह्या ताटाकडं पाहून जेवतात, सिस्टर. त्यायले समजलं तं घास अडकन त्यायचा."

आणि लोक खरंच असायचे. पाहुण्याशिवाय पान मांडायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. वडील म्हणे एसटी स्टँडवर माणूस पाठवून अनोळखी प्रवासी घरी आणवायचे आणि त्याला वाढल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. वसंतशेठनी ती रीत उचलली आणि तिची चैन करून टाकली. एकट्यानं खाण्यात त्यांना मजा यायची नाही. समोर कुणीतरी खाताना दिसलं पाहिजे. व्यापारी, तलाठी, विम्याचा एजंट, ट्रॅक्टर दुरुस्त करायला आलेला मिस्त्री, कुणीही चालायचं. पाहुण्यानं पहिला घास घेतला की यांचा हात ताटात जायचा. मात्र शेठ थांबेपर्यंत पाहुण्याला थांबता यायचं नाही. त्यामुळे त्या टेबलाची तालुक्यात कीर्ती होती आणि धास्तीही होती.

मी आत असायचे तेव्हा टेबलापासून चार हात लांब, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे. चहा यायचा तो कागदी कपात. दीड वर्षात तो कप स्टीलचाही झाला नाही. सुशीलाबाई एकदा आपणहून म्हणाल्या की तुमच्या दवाखान्यात सगळं वापरून फेकायचंच असतं ना, म्हणून आम्ही तसंच ठेवलं. आम्ही डोणगावचे बौद्ध. असल्या स्वच्छतेचा अर्थ आम्हाला शाळेच्या आधी समजतो. दुसऱ्या दिवसापासून मी पाण्याची बाटली घरून नेऊ लागले.

त्याच पहिल्या उन्हाळ्यात विजेचे हाल झाले. जनरेटर होता, पण तो एका वेळी एकच भार ओढायचा. एकतर मिल चालेल, नाहीतर शेठची आंब्याची खोली थंड राहील. हो, आंब्याला वातानुकूलित खोली होती. त्यात गवतावर आंबे निजवलेले असायचे आणि शेठ दुपारी पाटावर बसून एकेकाचा वास घ्यायचे. मुकादम विचारायला आला. शेठनी क्षणाचाही विचार केला नाही. "मिल बंद ठेवली तं दाळ सडत नाही," ते म्हणाले, "आंबा सडते." दोन दिवस मिल बंद राहिली आणि तोंडाला फडकं बांधून डाळीच्या धुळीत राबणारी साठ-सत्तर माणसं घरी बसली. मला संताप आला होता. त्याच दुपारी शेठनी मला आंब्यांची पेटी दिली. मी ती घेतली, हेही सांगायला हवं.

पण मला खरी भीती वाटली ती मुख्याध्यापकांच्या दिवशी. जवळच्या एका गावातले निवृत्त गुरुजी होते, सत्तरीचे. शाळेच्या वर्गांवरचे पत्रे वाऱ्यानं उडाले होते, म्हणून मदत मागायला आले होते. शेठ म्हणाले, आधी जेवा. त्या दिवशी पुरणपोळ्या होत्या. गुरुजींनी दोन खाल्ल्या आणि हात आवरता घेतला. शेठ हसून म्हणाले, "गुरुजी, एका पोळीले एक पत्रा."

टेबलावर आणखी दोघे व्यापारी होते, ते हसले. गुरुजींनाही आधी गंमत वाटली. तिसरी पोळी त्यांनी हसत खाल्ली. पाचवीला त्यांनी कोटाचं बटण सोडलं. सातवीला ते बोलायचे बंद झाले. शेठ स्वतःच्या हातानं प्रत्येक पोळीवर तूप सोडत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा अजिबात नव्हता, हेच मला बघवत नव्हतं. त्यांना खरंच आनंद होत होता. नवव्या पोळीला गुरुजींच्या कपाळावर घाम आला आणि त्यांचा रंग बदलला. मी स्टुलावरून त्यांचा श्वास मोजत होते. त्या माणसाच्या छातीत काही झालं असतं तर हाताशी काहीही नव्हतं. अकरावी पोळी ताटात पडली तेव्हा मी उठून टेबलाजवळ गेले आणि म्हटलं, "शेठ, बास झालं."

शेठनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग गुरुजींकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच. आणि म्हणाले, "किती पत्रे लागतात, गुरुजी?" चाळीस, असं गुरुजी कसेबसे म्हणाले. "चाळीस नेऊन घ्या." पत्रे खरोखर दुसऱ्या दिवशी ट्रकमधून गेले. मी गुरुजींना बाहेर घेऊन आले. चिंचेखाली त्यांना उलटी झाली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि ते रुमालानं तोंड पुसत मला विचारत होते, "बाई, पत्रे चांगल्या जाडीचे देतीन ना?"

एवढं होऊनही मी काम सोडलं नाही, त्याला कारण रमजानमधली एक दुपार आहे. हैदराबादहून डाळ न्यायला आलेला एक ट्रकवाला त्या दिवशी पाहुणा म्हणून सापडला होता. म्हातारा होता, दाढी मेंदीनं रंगवलेली. पान मांडलं, तेव्हा त्यानं हात जोडून सांगितलं की रोजा आहे. दुसरा कुणी शेठ असता तर त्यानं दुसरा पाहुणा शोधला असता. वसंतशेठ म्हणाले, "मंग संध्याकाळी जेवू." सुई अजून दिली नव्हती म्हणून बरं. सबंध दुपार हा खादाड माणूस नुसतं ताक पिऊन बसला. मी चिडून घरी गेले आणि सूर्य बुडायच्या आधी सुई द्यायला परत आले. महाराजांनी खजूर मागवले होते. म्हाताऱ्यानं खजूर तोंडात टाकला, मग शेठनी घास घेतला. दोघं चांदीच्या ताटात शेजारी शेजारी जेवले आणि शेठ त्याच्या नातवंडांची नावं विचारत होते. त्या संध्याकाळी मला हा माणूस आवडला.

आणि त्याच संध्याकाळी माझ्या मनात आलं की या टेबलावर सगळे बसून गेले, फक्त मी नाही. मी तसं विचारलंही, हसत हसत. म्हटलं, शेठ, कधी पाहुणा मिळाला नाही तर मला बसवाल की नाही? ते म्हणाले, "तुमी तं घरच्या, सिस्टर. घरच्या माणसाले पाहुणा म्हणत नाहीत." उत्तर गोड होतं. पण घरची असते तर मी स्वयंपाकघरात गेले असते, आणि त्या दाराच्या आत माझं पाऊल कधी पडलं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि शेठच्या मुलीच्या, पूनमच्या सोयरिकीची बोलणी ठरली. जालन्याकडचं घर होतं, मुलगा तिनं स्वतः पसंत केला होता. मुलाचे आईवडील आणि काका पहिल्यांदाच जेवायला येणार होते. आजाराचा वाससुद्धा त्यांना लागता कामा नये, अशी मला ताकीद होती. मुलीच्या बापाला असला रोग म्हटल्यावर लोक पोरीकडेही वेगळ्या नजरेनं बघतात, असं शेठ म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सोयरीक मोडेल ही धास्ती मी त्यांच्या डोळ्यांत प्रथमच पाहिली.

माझा एक नेम होता. ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. कारण ही सुई दिली की पाऊण तासात पोटात अन्न हवं, नाहीतर साखर झपाट्यानं उतरते आणि माणूस बेशुद्ध पडतो, जातोही. त्या दिवशी मी हा नेम मोडला. साखर वाढलेली होती, बासुंदीचा बेत होता. बोलणीसाठी आलेल्या शेठच्या चुलतभावांपैकी एक दिवाणखान्यातून ओरडला की पाहुण्यांचा फोन आला, सुलतानपूरहून निघाले. तिथून फार्महाऊस वीस मिनिटं. शेठ म्हणाले, लवकर टोचा, ते आल्यावर मले आत येता येणार नाही. मी टोचलं. एक वाजायला दहा मिनिटं होती. चूक माझी होती, ती मी कुणावर ढकलत नाही.

सव्वा वाजला. गाडी आली नाही. दीडला चुलतभावानं फोन लावला तर लागेना. पावणेदोनला तिकडूनच फोन आला. मुलाच्या आईनं लोणारचं सरोवर पाहिलेलं नव्हतं, एवढ्या जवळ आलोय तर बघून घेऊ म्हणून ते सुलतानपूरहून लोणारला वळले होते. खाली उतरल्यावर रेंज नव्हती. आता वर येतोय, अजून तासभर लागेल. शेठ फोनवर म्हणाले, "पाहा, पाहा, निवांत पाहा," आणि त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळताना मला दिसला. हिवाळ्याचे दिवस होते आणि पंखा चालू होता.

मी त्यांना आत बोलावलं आणि साखर तपासली. बासष्ट, सत्तरच्या खाली धोका सुरू होतो. मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता काहीतरी गोड घ्या. ते म्हणाले, "सोयऱ्याच्या आधी तोंड खरकटं करू? पोरीच्या बापानं?" मी पर्समधली ग्लुकोजची पुडी माझ्या बाटलीतल्या पाण्यात घोळली आणि बाटली पुढे केली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली. "तुमच्या हातचं पाणी नको," असं म्हणाले.

साखर उतरली की माणूस काहीही बोलतो. वेडंवाकडं, शिवीगाळ, रडणं, मी सगळं बघितलंय आणि आम्ही नर्सेस ते मनावर घेत नाही. पण हे वाक्य साखरेनं तयार केलेलं नव्हतं. ते आतच होतं, साखर उतरल्यावर बाहेर आलं. दीड वर्ष माझी सुई चालत होती, माझं पाणी चालत नव्हतं. पण राग धरायला वेळ नव्हता.

मी सुशीलाबाईंना म्हटलं, वहिनी, तुमच्या हातानं द्या, पण आत्ता द्या. त्यांनी साखरेचं पाणी केलं. तोवर शेठ बाहेर जाऊन टेबलाच्या टोकाशी, आपल्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाची कड धरली होती. चुलतभावांच्या देखत बायकोनं ग्लास पुढे केला, तेव्हा त्यांनी तो उडवला. ग्लास फरशीवर गेला. "पाहुणे येऊ द्या," ते म्हणाले. मग महाराजांना म्हणाले, "बेत काय हाये?" महाराजांनी सांगितला. लगेच पुन्हा विचारलं, "बेत काय हाये?" जीभ जड झाली होती. चुलतभाऊ एकमेकांकडे बघत होते, त्यांना वाटलं शेठनी दिवसाच घेतली. दवाखाना पंधरा किलोमीटरवर. शुद्ध गेली की तोंडातून काही देता येत नाही. माझ्या हिशेबानं दहा मिनिटं होती, कदाचित तेवढीही नसतील.

टेबलावर चांदीची ताटं मांडलेली होती. मी जाऊन शेठच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"महाराज, मले वाढा," मी म्हटलं. "मी पाहुणी हाये."

महाराजांच्या हातात बासुंदीचं पातेलं होतं. ते तसेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि त्यांचा हात काही पुढे येईना. एक चुलतभाऊ म्हणाला, मॅडम, हे काय चाललंय? मी सुशीलाबाईंकडे बघत होते. या बाईंना नवऱ्यासमोर कधी दोन वाक्यं बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्यांनी महाराजांच्या हातून पातेलं काढून घेतलं, माझी वाटी भरली, मग नवऱ्याची भरली. त्यांचा पदर बासुंदीत बुडाला तेही त्यांना कळलं नाही.

मी वाटी उचलून घोट घेतला. म्हटलं, "शेठ, पाहुणी जेवाले लागली. तुमी काऊन थांबले?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. मी कोण, हे त्यांना त्या क्षणी कळत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. समोर कुणीतरी खात होतं, एवढं मात्र त्यांच्या हाताला कळलं. तो हात वाटीकडे गेला. पहिला घोट छातीवर सांडला. दुसरा आत गेला. सुशीलाबाई भरत होत्या, ते पीत होते, आणि मी समोर एकेक घोट घेत होते, कारण मी थांबले असते तर ते थांबले असते.

पंधरा मिनिटांनी घाम थांबला. रंग परतला. त्यांनी आधी आपल्या शर्टावरची बासुंदी पाहिली, मग चुलतभावांना, मग मला, खुर्चीवर, चांदीच्या ताटापुढे. आता त्यांना सगळं समजत होतं हे मला दिसलं. मला वाटलं, आता उठतील किंवा मला उठवतील. आणि तेवढ्यात बाहेर गाडी लागली.

तासभर म्हणाले होते, त्या मानानं पाहुणे लवकर पोचले होते. मुलाचे वडील दारातच थबकले. म्हणाले, सुरुवात केली वाटतं तुम्ही. आवाजात मान दुखावल्याचं स्पष्ट होतं. दारामागून पूनम बघत होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. ऑफिसच्या मॅडमला चक्कर आली म्हणून बसवलं, असं काहीही सांगता आलं असतं. शेठ टेबलाला धरून उभे राहिले.

"मले साखर हाये," ते म्हणाले. "सुई घेऊन तुमची वाट पाहात होतो. नसतो जेवलो तं तुमी माह्या तेराव्यालेच आले असते."

कुणी हसलं नाही. मग मुलाच्या आईनं माझ्याकडे बोट करून विचारलं, आणि या? शेठ म्हणाले, "पाहुण्या हायेत. डोणगावच्या." डोणगावच्या म्हणजे कुणाच्या, बाईंनी पुढं विचारलं. असा प्रश्न कशासाठी विचारतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेठनी मान खाली घातली. मीच सांगितलं, इंगळे.

ताटं वाढली गेली. पाहुणे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले, माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. बोलणं लोणारच्या पाण्याच्या रंगावर चाललं होतं. मला उठून जावंसं वाटत होतं, पण मी पूर्ण जेवले. दीड वर्ष ज्या पदार्थांची नुसती नावं ऐकली होती ते खाऊन बघितले. सांगायला बरं वाटत नाही, पण बासुंदी फार चांगली होती.

मी निघाले तेव्हा शेठ माझ्यामागून फाटकापर्यंत आले. पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवतात, तसे. पट्टी बांधलेला पाय ओढत, उन्हात. म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून येऊ नका."

मी कारण विचारलं. "पाहुण्याकडून काम करून घेत नाहीत आमच्यात," ते म्हणाले. ते मस्करी करत नव्हते. त्यांच्या लेखी हा मानच होता. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी विचारलं, "मंग जेवाले बोलावसान?"

ते पायाच्या पट्टीकडे बघत राहिले. "पोरीचं लग्न होऊन जाऊ द्या," ते म्हणाले.

सोयरीक मोडली नाही. मे महिन्यात लग्न झालं आणि मेहकरात महिनाभर त्या जेवणाशिवाय दुसरा विषय नव्हता. आमच्या दवाखान्यातल्या वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना पत्रिका आली होती. मला आली नाही. दुसरा कुणी कंपाउंडर सुई द्यायला जातो असं ऐकलं, मग तोही नीट जात नाही असं ऐकलं. पुढच्या दिवाळीच्या सुमारास त्यांचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

त्यानंतर एकदाच दिसले. दुपारी दोनच्या सुमाराला मी बसस्टँडसमोर रस्ता ओलांडायला उभी होते, तर गर्दीत त्यांची गाडी माझ्यापुढेच अडकली. मागच्या सीटवर ते बसले होते. गळ्याची कातडी लोंबत होती, माणूस निम्मा झाला होता. अत्तराचा वास मात्र काच खाली होताच आला. त्यांनी मला ओळखलं. पुढची गाडी हलली, मागचे हॉर्न वाजवू लागले, तेव्हा घाईघाईनं म्हणाले, "सिस्टर, जेवल्या का?"

सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"हाव," मी म्हटलं, "जेवली." त्यांनी मान हलवली, आणि काच वर गेली.